सामाईक दप्तर आणि त्याची किल्ली

दप्तर कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न कामगार संघटनेइतकाच जुना आहे. सभासदांच्या नावांची वही मालकाच्या हाती पडली, तर संघटनेत कोण कोण आहे हे त्याला क्षणात कळते, आणि कोणाला कामावरून कमी करावयाचे याचा त्याला फारसा विचार करावा लागत नाही. म्हणून वही कुलपात ठेवण्याची रीत पडली. आज ती वही मोबाइलमध्ये गेली आहे. तेथे कुलूप कसले आणि किल्ली कोणाकडे, हे समजण्यास पदवी लागत नाही. आम्हांलाही ती नाही. तरुण कार्यकर्त्यांजवळ बसून आणि पुस्तके चाळून जे उमगले, तेच येथे मांडीत आहोत.

समजा, एका संघटनेने दोन अ‍ॅप करवून घेतली. एक वर्गणीची नोंद ठेवते, दुसरे तक्रारींची. दोहोंना सभासदाचे नाव आणि खाते लागते. दोन ठिकाणी दोन याद्या ठेवल्या, तर माणसाची बदली एका यादीत नोंदली जाईल आणि दुसरीत राहून जाईल. तेव्हा यादी एकच हवी, आणि ती दोन्ही अ‍ॅपना वाचता आली पाहिजे. अडचण सुरू होते ती येथे.

अँड्रॉइड मोबाइलचा पाया लिनक्स या प्रणालीवर रचलेला आहे. तेथे प्रत्येक अ‍ॅपला, ते मोबाइलमध्ये बसवताना, स्वतंत्र क्रमांक मिळतो. जणू प्रत्येकाची खोली वेगळी, आणि शेजाऱ्याला आत येण्यास मनाई. डेटाबेस, म्हणजे नोंदींचे दप्तर, बहुधा एस्क्यूलाइट या पद्धतीचे असते. ते सगळे एका फाइलमध्ये मावते आणि दप्तरदार अ‍ॅपच्या खोलीत राहते.

घाईचा मनुष्य म्हणेल, फाइल चव्हाट्यावर ठेवा, ज्याला हवी तो वाचील. फाइल अशी सर्वांना मोकळी करण्याची सोय पूर्वी होतीही. २०१२ साली ती वापरू नये असे सांगण्यात आले, आणि २०१६ च्या सातव्या आवृत्तीसाठी व त्यापुढे तयार केलेल्या अ‍ॅपने तसा प्रयत्न केल्यास प्रणालीच त्याला अडवते. कारण उघड आहे. फाइल वाचणाऱ्याला ओळखत नाही. जो उघडील त्याच्या हाती ती सगळीच्या सगळी जाते. दुसरी सोय दोन अ‍ॅपना एकच क्रमांक देण्याची. त्यात दोघांची खोलीच एक होते आणि एकाचा दोष दुसऱ्याला भोवतो. तीही २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून त्याज्य ठरली आहे.

योग्य मार्ग खिडकीचा आहे. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर आपण चिठ्ठी सरकवतो, कारकून नोंद पाहून उत्तर देतो. दप्तर काही आपल्या हाती देत नाही. अँड्रॉइडमध्ये या खिडकीला कंटेंट प्रोव्हायडर म्हणतात. तिच्याबाबत चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, खिडकी बाहेरच्यांसाठी उघडी आहे की नाही, हे दप्तरदार अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये स्पष्ट लिहावे. दुसरी, विचारणारा कोण हे ओळखावे. प्रत्येक अ‍ॅपवर गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. परवानगी सहीच्या दर्जाची ठेवली, म्हणजे ज्या अ‍ॅपवर तीच सही आहे त्यालाच ती मिळते. तिसरी, वाचण्याची परवानगी वेगळी आणि लिहिण्याची वेगळी ठेवावी. तक्रारीच्या अ‍ॅपला नाव व खाते वाचावयाचे आहे. नाव खोडण्याचे त्याला कारण नाही. चौथी, चिठ्ठीतला मजकूर मजकूर म्हणूनच घ्यावा. बाहेरून आलेले शब्द डेटाबेसच्या प्रश्नात तसेच जोडले, तर नावाच्या जागी लबाडाने लिहिलेला हुकूमही पाळला जाऊन सगळी यादी बाहेर पडू शकते. म्हणून प्रश्नाचा साचा आधी ठरवावा आणि नाव त्यातील रिकाम्या जागीच भरावे.

आयफोनची रीत निराळी. तेथे एकाच निर्मात्याच्या अ‍ॅपना ‘अ‍ॅप ग्रुप’ नावाची सामाईक खोली घेता येते. तेथे खिडकीवर कारकून नसतो. म्हणून खोलीत काय ठेवावयाचे, याचाच विचार अधिक करावा लागतो.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच मोठा आहे. संघटना अ‍ॅप बाहेरच्या कंपनीकडून करवून घेते आणि सहीची किल्ली कंपनीकडेच राहते. उद्या त्या कंपनीने दुसऱ्या गिऱ्हाइकाचे अ‍ॅप त्याच सहीने काढले, तर त्या अ‍ॅपलाही आपल्या खिडकीची परवानगी मागता येईल आणि ती मिळेल. ते गिऱ्हाईक कारखान्याचा मालकच असेल तर? यावर उपाय एकच. संघटनेसाठी स्वतंत्र किल्ली करावी, ती संघटनेच्या ताब्यात असावी, आणि हे करारात लिहून घ्यावे.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदांची यादी सभासदांना व पदाधिकाऱ्यांना, नियमात ठरलेल्या वेळी, पाहावयास खुली ठेवली होती. म्हणजे दप्तर दडवावयाचे नव्हते. पण पाहणारा कोण, हे ठरलेले होते. संघटना असो, पतपेढी असो, गृहनिर्माण संस्था असो, अ‍ॅप घेताना करणाऱ्याला एवढे अवश्य विचारावे: नोंदी कोणत्या अ‍ॅपच्या ताब्यात, त्या वाचणार कोण, बदलणार कोण, आणि किल्ली कोणाकडे? ज्यांची नावे त्या दप्तरात आहेत, त्यांना हे विचारण्याचा पुरा अधिकार आहे.