दुसऱ्या डंखाची गोष्ट

पोरांनो, त्या चिंचेवरच्या आग्या मोहोळाला दगड मारायचा नाही म्हणजे नाही. का, ते सांगतो. बसा इथं.

आपल्या अकोले तालुक्यातली गोष्ट. माझा एक चुलतभाऊ मध काढायला गेला नि चार माश्या डसल्या. हात सुजला, आजीनं आमसूल चोळलं, संध्याकाळी गडी खेळायला हजर! पुढच्या वर्षी एकच माशी डसली. पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ वडापावाएवढे. मग आवाज घोगरा झाला आणि तो मटकन खालीच बसला.

चार माश्यांनी काही झालं नाही, एका माशीनं आडवा केला. हे कसं?

बाजरीच्या शेतात राखणदार असतो ना, गोफण घेऊन? तसे आपल्या कातडीत, नाकाघशात, आतड्यात राखणदार असतात. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिनच्या बारीक पुड्या. पहिल्या डंखाला काही जणांचं शरीर त्या विषाची ओळख पटवून ठेवतं, आयजीई नावाची प्रथिनं बनवतं आणि ती राखणदारांच्या अंगावर टोचून ठेवतं. पुन्हा तेच विष आलं की पुड्या फुटल्याच! रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते. तीच गांध. लोक ‘पित्त उठलं’ म्हणतात, पण यकृतातल्या पित्ताचा इथं काही संबंध नाही. नुसत्या गांधी बहुधा काही तासांत विरतात, कधी तापातही उठतात. त्यांना घाबरायचं नाही. पण राखणदार सगळीकडेच पिसाळले तर घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. पाखरापायी अख्खं पीक झोडपलं, असं म्हणा.

हे कोडं फ्रान्सच्या शार्ल रिशे या शास्त्रज्ञानंही पाहिलं. समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याचं विष कुत्र्यांना थोडं थोडं देऊन त्यांना ते पचवायला शिकवू, असा त्याचा आणि त्याचा सहकारी पॉल पोर्टियेचा बेत होता. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या मात्रेनं काही झालं नाही. तीनेक आठवड्यांनी तेवढीच मात्रा दिली, तर अर्ध्या तासाच्या आत तो गेला. बिचारा! १९०२ मध्ये त्यांनी याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हटलं, १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं. मधमाशीच नव्हे, शेंगदाणा, मासे, एखादी गोळी किंवा इंजेक्शनही हा घोळ घालू शकतं.

भावाचं नशीब बरं. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. वाहिन्या आवळल्या, श्वास मोकळा झाला. खाजेची गोळी गांधींना चालते, बंद होणाऱ्या घशाला नाही.

माशी डसली तर काटा नखानं लगेच खरवडून काढा. त्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि ती माशी उडून गेल्यावरही विष सोडत राहते. आणि ओठ-जीभ सुजली, धाप लागली, घेरी आली तर आमसूल शोधत बसू नका. माणसाला आडवं निजवा, धाप असेल तर टेकवून बसवा, पण चालवू नका. १०८ ला फोन करा. बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून घाईनं घरीही आणू नका. काही तासांनी हे सगळं पुन्हा उलटू शकतं.