अनुक्रमणिकेत नाव कोणाचं? संगीत मासिकातल्या एका पानाची रचना

मागच्या वेळी आपण मुखपृष्ठाबद्दल बोललो होतो. आज मुखपृष्ठ उलटून आत जाऊ, अनुक्रमणिकेच्या पानावर. विषय छोटा वाटेल. पण संगीताच्या मासिकात कोणाचं नाव टिकतं आणि कोणाचं गळतं, हे बऱ्याच अंशी याच पानावर ठरतं.

या पानाची कामं दोन. अंकात काय काय आहे ते सांगून वाचकाला ओढून घ्यायचं, हे पहिलं. हवा तो मजकूर पटकन सापडवून द्यायचा, हे दुसरं. आता गंमत बघा, ही दोन्ही कामं जागेसाठी भांडतात. ओढून घ्यायला मोठं छायाचित्र, ठळक मथळा आणि मोकळी जागा लागते. सापडवून द्यायला मात्र बारीक टाइपातली भरगच्च यादी लागते. पानाचे सगळे संकेत या भांडणातली तडजोड म्हणून तयार झालेत.

बाहेरचे संकेत

अमेरिकेत १९६७ साली निघालेलं 'रोलिंग स्टोन', इंग्लंडमधली 'क्यू' (१९८६) आणि 'मोजो' (१९९३) ही मासिकं घ्या. अशा मासिकांत मजकूर साधारणपणे दोन गटांत मांडतात. या अंकापुरते खास लेख एकीकडे, दर अंकात येणारी सदरं दुसरीकडे. कारण सरळ आहे. नेहमीच्या वाचकाला सदरं कुठे असतात ते ठाऊक असतं, त्याला नवीन काय ते हवं असतं. मुखपृष्ठावर ज्या कलाकाराचं छायाचित्र असतं, त्याच्यावरचा लेख इथे सर्वांत ठळक, कारण त्याच्यासाठीच तर अंक विकत घेतला! छायाचित्रावरच पृष्ठांक छापतात, म्हणजे चित्र आवडलं की यादीत शोधत बसायला नको. रंग मोजके आणि बहुधा मुखपृष्ठावरचेच. कोपऱ्यात वर्गणीची चौकट.

आपल्याकडचे संकेत

आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार'. १९४७ मध्ये ते सुरू झालं आणि प्रा. बी. आर. देवधरांनी बरीच वर्षं त्याचं संपादन केलं. त्या पिढीतल्या मराठी नियतकालिकांची अनुक्रमणिका बहुतेक साधीच असायची. डावीकडे लेखाचं नाव, मग लेखकाचं, उजव्या कडेला पृष्ठांक, आणि मध्ये टिंबांची रांग. ही टिंबं नक्षीसाठी नव्हेत बरं का. डावीकडून उजवीकडे जाताना नजर चुकून खालच्या ओळीत घसरू नये म्हणून ती असतात.

हा साधेपणा छापखान्यातूनही आला. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा अंक फर्म्याफर्म्याने छापला जायचा. अनुक्रमणिका असते पहिल्या फर्म्यात, पण पृष्ठांक पक्के होतात शेवटचा लेख जुळवून झाल्यावर. म्हणजे वाचक सर्वांत आधी बघतो ते पान तयार व्हायचं सर्वांत शेवटी, घाईगर्दीत. तिथे सजावटीला वेळ कुठला?

पण त्या साध्या रचनेत एक मोलाची गोष्ट होती. देवधरांनी गवयांवर लेख लिहिले, ते पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आले. अशा लेखाच्या ओळीत दोन नावं येतात. मथळ्यात ज्याच्यावर लिहिलं तो गवई, आणि शेजारच्या रकान्यात लिहिणारा. दोघांचीही नोंद राहते.

क्रम आणि सूची

आता एक फरक लक्षात घ्या. अनुक्रमणिका पानांच्या क्रमाने जाते. सूची अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे अकारविल्हे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. वारकऱ्याला अभंगाचा क्रमांक आठवत नाही, सुरुवातीचे शब्द आठवतात. म्हणून गाथेच्या शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते. गाणं ओळखायची खूण म्हणजे त्याचा मुखडा, हे त्या सूचीने ओळखलेलं आहे.

लंडनच्या 'एनएमई' साप्ताहिकाने २००० नंतरच्या दशकात अनुक्रमणिकेच्याच पानावर कडेला बँडच्या नावांची अशीच सूची दिली होती. वाचक लेख शोधत नाही, आपला बँड शोधतो, हे त्यांनी हेरलं. गाथा आणि रॉकचं साप्ताहिक, पण युक्ती एकच.

भिवंडीचा अंक

आता भिवंडीत या. आम्ही इथे गाण्यांवरचा एक छोटा अंक काढला होता, तेव्हाची आमचीच चूक सांगतो. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. जवळच्या गावातल्या एका धवलारणीकडून आम्ही धवले लिहून घेतले. कवीचं नाव माहीत नाही, म्हणून अनुक्रमणिकेत लेखकाच्या रकान्यात आम्ही बेधडक छापलं: 'पारंपरिक'. अंक द्यायला गेलो. बाईंनी नातीला आपलं नाव शोधायला सांगितलं. नातीने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. नाव नव्हतं. टिपून घेणाऱ्या आमचं मात्र होतं.

'पारंपरिक' हा शब्द खोटा नव्हता. पण परंपरा स्वतः येऊन गात नाही, कोणीतरी गळ्यात जपलेली असते. तेव्हापासून आम्ही अशा मजकुराला तिसरा रकाना देतो: 'गायिका' आणि 'गाव'. जागा जाते, एखादं छायाचित्र लहान करावं लागतं. करतो.

दुसरी अडचण लिपीची. भिवंडीच्या मागांवर मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूही ऐकू येते. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणजे पृष्ठांक डाव्या कडेला जातो. देवनागरी आणि उर्दू एकाच यादीत कोंबल्या तर दोन्हीकडच्या वाचकाची नजर अडखळते. त्यापेक्षा प्रत्येक लिपीला स्वतंत्र रकाना आणि पृष्ठांकांची पट्टी मध्यभागी, म्हणजे दोघांनाही ती हाताशी.

थोडक्यात, पान जुळवायला बसाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. वाचक काय आठवून शोधायला येईल: लेखाचं नाव, कलाकार, की गाण्याचा मुखडा? त्याला ते एका नजरेत सापडेल का? आणि ज्याच्या गळ्यातून हे गाणं आपल्यापर्यंत आलं, त्याला या यादीत स्वतःचं नाव सापडेल का? पहिले दोन प्रश्न सोयीचे आहेत. तिसरा चुकला तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापता येते, पण ज्याच्या हातात आधीचाच अंक पडेल त्याला ती दिसत नाही.

पुढच्या वेळी येताना घरातला कुठलाही जुना दिवाळी अंक घेऊन या. त्याची अनुक्रमणिका आपण मिळून वाचू. आता तुमचे प्रश्न घेऊ.