जगज्जेतेपदाविना थोर : सांगलीचे दोन महाबली

मल्लाची थोरवी केवळ जगज्जेतेपदावरून मोजावयाची ठरविली, तर कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील एकाही महाबली मल्लाचे नाव इतिहासात घेता येणार नाही. कुस्तीत जगज्जेता झालेला भारतीय पुरुष आजवर एकच, तो म्हणजे २०१० साली मॉस्को येथे ६६ किलो गटात विजयी झालेला सुशीलकुमार. सर्वांत वजनदार गटात तर हा मान कोणाही भारतीयाला लाभलेला नाही. असे असूनही सातारा-सांगलीच्या गावोगावी गणपतराव आंदळकर आणि मारुती माने ही दोन नावे आजही आदराने घेतली जातात. या आदराला आधार काय आणि जगज्जेतेपद त्यांच्यापासून दूर का राहिले, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

आंदळकरांचा जन्म १९३५ साली शिराळ्याजवळील पुनवत येथे झाला. तो मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच १९६० साली आंदळकर ‘हिंदकेसरी’ झाले. मारुती माने हे मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे. त्यांनी १९६४ साली हाच किताब पटकाविला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत या दोघांनी मिळून चार पदके जिंकली. आंदळकरांना ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व मुक्त शैलीत रौप्य, तर मान्यांना मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळाले. पुढे १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतही मान्यांनी रौप्यपदक मिळविले.

या यशाचे मोल नीट कळण्यासाठी माती आणि मॅट यांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात आपला मल्ल घडतो. तेथील कुस्ती निकाली असते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की जय. त्यामुळे दमसास राखून, समोरच्याला थकवून, योग्य क्षणी डाव टाकण्याची सवय अंगी मुरते. मॅटवर मात्र वेळ बांधलेली असते आणि क्षणाक्षणाला गुण मोजले जातात. ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली पकड करण्यास आणि पायांचा वापर करण्यास मनाई असते. पट काढणे, एकलंगी यांसारखे आपले हुकमी डाव तेथे निरुपयोगी ठरतात. अशा प्रकारात आंदळकरांनी सुवर्णपदक जिंकावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु आशियाच्या पुढची पायरी फार उंच होती. आंदळकर १९६४ साली टोकियो ऑलिंपिकला गेले. तेथे सर्वांत वजनदार गटात मुक्त शैलीचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र इवानित्स्कीने, तर ग्रीको-रोमनचे हंगेरीच्या इश्तवान कोझ्माने जिंकले. हे मल्ल मॅटवरच वाढलेले होते. आपल्याकडे मॅट ही दुर्मीळ वस्तू होती. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव वजनाने हलक्या गटातील. पण त्यांचा अनुभव हेच सांगतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरील कुस्ती त्यांना नवखी होती, तरी त्यांनी सहावे स्थान मिळविले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. त्यानंतर खाशाबांनी कांस्यपदक आणले. अंगी बळ होते, साधने मात्र तुटपुंजी होती.

पाश्चात्त्य मुष्टियुद्धातही किताबाविना थोर ठरलेले हेवीवेट वीर आढळतात. त्यांच्या वाटेतला अडसर मात्र वेगळा आणि अधिक क्रूर होता. पीटर जॅक्सन, सॅम लँगफर्ड, हॅरी विल्स हे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे आपापल्या काळी अग्रगण्य होते. पण जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. जॉन सलिव्हनने कृष्णवर्णीयाशी लढण्यास नकार दिला. पुढे जॅक जॉन्सन स्वतः कृष्णवर्णीय असूनही, जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्डला आव्हानाची संधी दिली नाही. दृष्टी गमावलेला लँगफर्ड पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात दारिद्र्यात दिवस कंठीत असलेला आढळला. आमच्या मल्लांपुढे स्पर्धेचे दार उघडे होते. तेथवर नेणारी वाट अपुरी होती. लँगफर्डला मात्र केवळ वर्णामुळे दारातच अडविले गेले. हा फरक विसरता कामा नये.

आंदळकरांनी स्वतःची कुस्ती थांबल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडविल्या. १९७० व ७१ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७३ चे हिंदकेसरी दादू चौगुले हे त्यांचेच शिष्य. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चौगुल्यांनी रौप्यपदक जिंकले. मान्यांना २००५ साली ध्यानचंद पुरस्काराने गौरविण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, विजेत्यांची यादी अवश्य वाचावी; परंतु वाचताना आणखी दोन प्रश्न मनाशी विचारावेत. या स्पर्धेत उतरण्याची मुभा कोणाकोणाला होती? आणि उतरलेल्यांपैकी तयारीची साधने कोणाजवळ होती? या प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून कोणाच्याही पराभवाचे किंवा विजयाचे योग्य मोल करता येत नाही.