व्हेरोनाचा हंगाम

१९८४-८५ मध्ये इटलीची अव्वल फुटबॉल लीग, म्हणजे ‘सेरी आ’, हेलास व्हेरोना या क्लबने जिंकली. हा मान त्याला आधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही. आदिजे नदीकाठचे व्हेरोना जगाला माहीत आहे ते रोमन रंगमंडलामुळे आणि शेक्सपियरच्या रोमिओ-ज्युलिएटमुळे. फुटबॉलची सत्ता मात्र तुरीन, मिलान आणि रोम या शहरांकडे होती.

शिवाय ती लीग त्या काळी जगातली सर्वांत श्रीमंत होती. प्रत्येक क्लबला दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत, त्यामुळे जो आणायचा तो पहिल्या प्रतीचा. युव्हेंटसकडे प्लातिनी आणि बोनिएक, उदिनेसेकडे झिको, इंटरकडे रुमेनिगे, फिओरेंतिनाकडे सॉक्रेटिस. त्याच उन्हाळ्यात नापोलीने बार्सिलोनाकडून मॅराडोनाला आणले होते. या नावांपुढे व्हेरोनाचे दोन परदेशी खेळाडू साधेच वाटत: डेन्मार्कचा आघाडीपटू प्रेबेन एल्कियर आणि पश्चिम जर्मनीचा हान्स-पेटर ब्रीगेल. ब्रीगेल तरुणपणी डेकॅथलॉन खेळलेला, उंच आणि दणकट गडी होता.

व्हेरोनाच्या यशाला चमत्कार म्हणण्याची पद्धत आहे, पण ती फारशी खरी नाही. मिलानच्या बोव्हिसा या कामगारवस्तीतून आलेले प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली यांनी १९८२ मध्ये संघाला दुसऱ्या श्रेणीतून वर आणले. पुढच्याच हंगामात संघ चौथा आला, त्यानंतर सहावा, आणि १९८३ व १९८४ अशी सलग दोन वर्षे इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. बान्योली मितभाषी होते आणि डावपेचांची भाषणे झोडत नसत. दुसऱ्या क्लबांत नकोसे झालेले खेळाडू घेऊन प्रत्येकाला त्याच्या अंगच्या जागी उभे करायचे, हे त्यांचे खरे कसब. पिएत्रो फान्ना आणि जुझेप्पे गाल्देरिसी हे दोघे युव्हेंटसमधून आलेले. गोलरक्षक क्लाउदिओ गारेल्ला हातांइतकाच पायांनीही चेंडू अडवी. शैली ओबडधोबड, पण चेंडू जाळ्यात जात नसे. बचावाची सूत्रे कर्णधार रोबेर्तो त्रिचेल्लाकडे होती आणि मधल्या फळीतून खेळ रचण्याचे काम आंतोनिओ दी जेनारोकडे.

१६ सप्टेंबर १९८४ रोजी पहिलाच सामना नापोलीशी झाला. मॅराडोनाचे इटालियन लीगमधले पदार्पण व्हेरोनाच्या बेंतेगोदी मैदानावर होते. बान्योलींनी त्याच्यावर ब्रीगेलला सोडले. ब्रीगेलने त्याला जखडून तर ठेवलेच, वर स्वतः गोलही केला. व्हेरोना ३-१ ने जिंकला. महिनाभराने गतविजेता युव्हेंटस त्याच मैदानावर २-० ने हरला. त्यातला दुसरा गोल इटलीत आजही सांगितला जातो. डाव्या बाजूने मुसंडी मारणाऱ्या एल्कियरला बचावपटू स्तेफानो पिओलीने अडवले, त्या झटापटीत एल्कियरचा उजवा बूट निघाला आणि त्याने तशाच अनवाणी पायाने गोल केला. (हाच पिओली २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून मिलानसह लीगविजेता झाला.)

पुढे हिवाळ्यात आवेल्लिनोकडून पहिला पराभव झाला. फेब्रुवारीत उदिनेसेविरुद्ध तीन गोलांची आघाडी पुसली गेली, तरी सामना ५-३ असा खिशात घातला. गुणतालिकेत व्हेरोनाने कुणालाही पुढे जाऊ दिले नाही. १२ मे १९८५ रोजी बेर्गामोत आतालांताशी १-१ बरोबरी झाली आणि एक सामना बाकी असताना विजेतेपद पक्के झाले. तीस सामन्यांत पंधरा विजय, तेरा बरोबऱ्या आणि फक्त दोन पराभव, एकूण ४३ गुण. विजयाला दोनच गुण मिळण्याच्या त्या काळात न हरणे फार मोलाचे होते. दुसऱ्या आलेल्या तोरिनोचे ३९ गुण झाले. १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान प्लातिनीने मिळवला, पण त्याचा युव्हेंटस ३६ गुणांवरच राहिला. नापोली तर आठवा आला.

या हंगामाबद्दल एक शंका हमखास काढली जाते. एरवी पंचांची नेमणूक अधिकारी करत आणि बड्या क्लबांना झुकते माप मिळते, अशी कुजबुज असे. या हंगामात मात्र पंच सोडतीने ठरले. लहान क्लब जिंकला तो त्यामुळेच, असे अनेकांना वाटते. सोडतीने पक्षपाताची वाट अडली असेलही, पण फक्त १९ गोल स्वीकारणारा बचाव सोडतीतून निघत नाही. पुढे ही पद्धत मागे पडली.

विजेता संघ लवकरच विस्कटला. गारेल्ला नापोलीला गेला, फान्ना इंटरला. पुढच्या हंगामात लीगमध्ये दहावे स्थान मिळाले. युरोपियन चषकात ग्रीसच्या पाओकला हरवल्यावर गाठ पडली ती युव्हेंटसशी. व्हेरोनातला सामना गोलशून्य राहिला. तुरीनमधला परतीचा सामना, मे १९८५ मध्ये युव्हेंटसच्या सामन्यापूर्वी हेझेल मैदानावर प्रेक्षकांत झालेल्या दुर्घटनेनंतरच्या शिक्षेमुळे, प्रेक्षकांविना खेळवला गेला आणि युव्हेंटसने तो २-० ने जिंकला. बान्योली १९९० पर्यंत व्हेरोनातच राहिले. त्याच वर्षी क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला.