समघनी नकाशातील पट्टे रंगाविना कसे भरावेत?



सातवीत आपण समोच्च रेषा शिकतो, नववीत वितरणाच्या नकाशांत समघनी पद्धत शिकतो. समान मूल्याची ठिकाणे रेषेने जोडायची आणि दोन रेषांमधला पट्टा भरायचा, एवढी ती पद्धत. ही कल्पना जुनी आहे. एडमंड हॅले यांनी १७०१ मध्ये होकायंत्राच्या विचलनाचा असा नकाशा छापला आणि हम्बोल्ट यांनी १८१७ मध्ये समताप रेषा मांडल्या. रेषा काढणं मुलांना जमतं. अडचण येते ती पट्टे भरताना.

रंग का पुरत नाहीत?

आपल्या शाळांतल्या बहुतेक प्रश्नपत्रिका आणि सरावपत्रिका काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघतात. मूळ नकाशात लाल आणि हिरवा पट्टा शेजारी-शेजारी असतो. झेरॉक्सनंतर काय होतं ते आकड्यांत बघा. संगणक रंगाचा करडा करताना साधारणपणे लालचा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७ आणि निळ्याचा ०.११४ इतका वाटा धरतो. शुद्ध लाल (२५५) घेतला तर करड्याची किंमत येते ७६. गडद हिरवा (१२८) घेतला तर येते ७५. म्हणजे दोन्ही रंग जवळपास एकच! सर्वाधिक पाऊस लाल आणि कमी पाऊस हिरवा दाखवला असेल, तर मुलाने उत्तर द्यायचं कशावरून? गुण त्याचे जातात, चूक मात्र नकाशाची असते.

दुसरं, वर्गात एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक मुळातच कळत नसतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे बरंच जास्त आढळतं. तो मुलगा हे सांगतही नाही, कारण इतरांना वेगळं दिसतं हेच त्याला माहीत नसतं. रेघांचा नकाशा त्याला इतरांइतकाच वाचता येतो.

उदाहरण : महाराष्ट्राचे पर्जन्य

६००, १०००, २००० आणि ४००० मिमीच्या चार रेषा घेऊया. त्यांचे पाच पट्टे होतात.

१. ६०० पेक्षा कमी (माण-खटावकडील पर्जन्यछायेचा भाग) : विरळ टिंबे
२. ६०० ते १००० (मराठवाड्याचा बराच भाग) : ४ मिमी अंतराच्या तिरप्या रेषा
३. १००० ते २००० (पूर्व विदर्भ) : २ मिमी अंतराच्या तिरप्या रेषा
४. २००० ते ४००० (कोकण) : २ मिमी अंतराची जाळी
५. ४००० पेक्षा जास्त (महाबळेश्वर, आंबोली) : भरीव काळा

इथे मुख्य नियम दिसतो : मूल्य वाढेल तशी शाई वाढली पाहिजे. पेनाची रेघ ०.३ मिमी जाडीची धरली, तर ४ मिमी अंतरावर कागद सुमारे ७ टक्के झाकतो, २ मिमीवर १५ टक्के आणि जाळीत सुमारे २८ टक्के. त्यामुळे सूची न बघताही जास्त-कमी कळतं. एका पट्ट्यात चौकटी, दुसऱ्यात फुल्या, तिसऱ्यात चांदण्या भरल्या तर नकाशा सजलेला दिसेल, पण चांदणी मोठी की फुली मोठी हे कोण सांगणार?

चार काळज्या

*दिशा.* रेषा ४५ अंशांत तिरप्या घ्या. आडव्या-उभ्या रेषा अक्षांश-रेखांशांत मिसळतात. शिवाय सह्याद्रीजवळ समपर्जन्य रेषा साधारण उत्तर-दक्षिण धावतात, तिथे उभ्या रेघा भरल्या तर मूळ रेषा कुठली आणि भरलेली कुठली हेच कळत नाही. मूळ रेषा थोडी जाड ठेवा.

*अरुंद पट्टे.* महाबळेश्वरहून वाईला उतरलं की सुमारे ३० किमीच्या रस्त्यात पाऊस चार हजारांवरून हजाराच्या खाली येतो. १ सेंमी = ५० किमी प्रमाणाच्या नकाशात हे सगळं जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरात बसवायचं असतं. तिथे मधला पट्टा गाळू नका. ४००० च्या लगेच शेजारी १००० चा पट्टा येऊच शकत नाही, मधून २००० ची रेषा जातेच. रेघ मावत नसेल तर बाण काढून आकडा बाहेर लिहा.

*कोरी जागा.* कोरे म्हणजे 'माहिती नाही' किंवा समुद्र. म्हणूनच सर्वात कमी पावसालाही आपण टिंबे दिली. कमी असणं आणि माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*लहान करणे.* ए-४ चा नकाशा ए-५ वर आणला की २ मिमीचे अंतर १.४ मिमी होते, ते चालतं. १ मिमीचे ०.७ होते आणि झेरॉक्सवर रेघा एकमेकींत मिसळून डाग दिसतो. सूचीतल्या चौकटीतही नकाशाइतकंच अंतर ठेवा.

संगणकावर

पायथॉन भाषेतल्या मॅटप्लॉटलिबमध्ये पट्ट्यांना रेघा देता येतात. तिरपी रेघ एकदा लिहिली (/) तर विरळ, दोन-तीनदा लिहिली (//, ///) तर दाट. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चार आकडे दिले की त्यांच्यामधले तीनच पट्टे भरतात, दोन्ही टोकांचे उघडे पट्टे वेगळे मागावे लागतात. आणि पाच पट्ट्यांना चारच नमुने दिले तर पाचव्याला पुन्हा पहिला नमुना लागतो. म्हणजे महाबळेश्वर आणि माण सारखेच दिसतील! म्हणून आधी पट्टे मोजा, मग नमुने लिहा.

रेघांचा दुसरा अर्थ

हवामान बदलावरील आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात अनेक नकाशांवर रंगाच्या वर तिरप्या रेषा आहेत. त्या पाऊस किंवा तापमान दाखवत नाहीत. जिथे वेगवेगळ्या प्रतिमानांचे पुरेसे एकमत नाही, ती जागा दाखवतात. म्हणून नकाशा वाचताना आधी सूची वाचायची, ही सवय मुलांना लावा. आणि आपल्या नकाशात एका खुणेला एकच अर्थ ठेवा.

करून पाहा

१. वरील पाच पट्ट्यांची सूची वहीत काढा, तिची झेरॉक्स काढून सर्व पट्टे ओळखता येतात का ते पाहा.
२. पुस्तकातील एक रंगीत नकाशा मोबाइलवर काळा-पांढरा करा. कोणते दोन रंग एकसारखे झाले?
३. सूची झाकून नकाशा मित्राला दाखवा. सर्वात जास्त पाऊस कुठे, हे त्याने बरोबर सांगितले तर तुमचे पट्टे बरोबर भरले आहेत.