बांधाची उंची आणि संभाव्यता (लेखांक ४)

समुद्राला अडविणारा बांध किती उंच असावा, या प्रश्नास नेदरलँडच्या मुलखात पिढ्यानुपिढ्या एकच उत्तर मिळत असे : दफ्तरी नोंदलेल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या पातळीहून थोडा अधिक. हे उत्तर अनुभवसिद्ध भासते खरे; परंतु ज्या समुद्राने काल एक उच्चांक गाठला तो उद्या त्याहून मोठा गाठणार नाही, याची हमी त्यात कोठेच नसते.

तेथील सरकारी जलखात्यातील वेमेल्सफेल्डर या अभियंत्याने १९३९ साली, हूक व्हान हॉलंड येथील १८८८ पासूनच्या पन्नास वर्षांच्या नोंदी घेऊन, कोणती पातळी वर्षाकाठी सरासरी किती वेळा ओलांडली गेली हे लघुगणकी कागदावर मांडले, तेव्हा ते बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आले. पातळी ठरावीक अंतराने चढली की धोका ठरावीक पटीने उतरतो, मात्र शून्यावर कधीच येत नाही, असा त्या रेषेचा गंभीर अर्थ होता. पुढे १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचे वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, हूक व्हान हॉलंडला पाणी प्रमाणपातळीच्या ३.८५ मीटर वर चढले, आणि त्या देशात १,८३६ माणसे प्राणांस मुकली.

त्यानंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी व्हान डान्टसिख या गणितज्ञाने जो हिशेब मांडला, तो मला या विद्येतील सर्वांत धीट विचार वाटतो. बांध चढविण्याचा खर्च उंचीच्या साधारण प्रमाणात वाढतो, तर पुराची संभाव्यता, आणि तिच्यासह अपेक्षित हानी, प्रत्येक मीटरागणिक पटीपटीने घटते; तेव्हा या दोहोंची बेरीज जेथे किमान होईल ती उंची इष्ट. या हिशेबाने मध्य हॉलंडसाठी वर्षाला १,२५,००० त एक एवढी अल्प संभाव्यता निघाली. संकल्पित पातळी ओलांडली गेली तरी बांध तत्क्षणी फुटत नाही, हे ध्यानी घेऊन आयोगाने हूक व्हान हॉलंड येथे ५ मीटरांची, म्हणजे वर्षाला १०,००० त एकदा ओलांडली जाण्याजोगी, पातळी मुक्रर केली.

ही संख्या म्हणजे पंचांगातील तिथी नव्हे. दरवर्षी शंभरात एक धोका असलेला बांध पन्नास वर्षांत एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के भरते. १०,००० त एक असेल तर शंभर वर्षांत ती सुमारे १ टक्का उरते. शतकाहून तोकड्या नोंदींवरून दहा हजार वर्षांचे अनुमान काढणे साहसाचे आहे, हे मान्यच करावे लागते. तरीही पूर्वी अभियंत्याच्या मनात दडलेला धोका आता आकड्याच्या रूपाने सरकारदरबारी आला, आणि ज्यांच्या जिवाचा तो प्रश्न होता त्यांना त्यावर वाद घालता येऊ लागला, याचे मोल मी फार मोठे मानतो.

१९५३ साली अनेक बांध समुद्राच्या बाजूने ढासळलेच नव्हते. माथ्यावरून वाहिलेल्या पाण्याने जमिनीकडील उतार कातरला आणि मग ते फुटले. म्हणून २०१७ पासून तेथील कायदा केवळ पातळी न पाहता प्रत्यक्ष पूर येण्याची संभाव्यता मोजतो : माथ्यावरून येणारे पाणी, तळाखालून वाळू वाहून नेणारा झिरपा, उतार घसरणे, या साऱ्या वाटा त्यात धरल्या जातात, आणि २०५० पर्यंत बांधाआडच्या कोणाही रहिवाशास पुराने मृत्यू येण्याची वार्षिक संभाव्यता १,००,००० त एकाहून अधिक नसावी, असे बंधन घातले आहे.