शंभरचं माप, सत्तरचं वजन

ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून घालायला पितळेची एक छोटी नळी असते. तिच्यावर खुणा असतात : ५०, ७०, १००. एकक ग्रेन. हे वजनाचंच एकक; एका पौंडात ७००० ग्रेन. आता ही नळी १०० च्या खुणेपर्यंत पायरोडेक्स या दारूने भरली आणि तराजूत रिकामी केली, तर वजन भरतं सत्तर ग्रेनच्या आसपास! आणि तरीही माप चुकलेलं नसतं.

आपल्याकडे पूर्वी शेर वजनीही असे आणि मापीही, तसंच इथे झालं आहे. खुणा आखल्या त्या काळ्या दारूसाठी. म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. पायरोडेक्स हा विसाव्या शतकात आलेला तिचा पर्याय. वजनाला हलका, पण तेवढ्याच घनफळात जवळपास तेवढाच जोर मिळावा असा मुद्दाम घडवलेला.

काळ्या दारूला माप पुरलं, कारण तिचा स्वभाव सोशिक. दाब वाढला तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा चढत नाही. जळाल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान वायू न होता काजळी आणि दाट धूर बनतं. सतराव्या शतकातल्या युरोपी सैनिकाच्या पट्ट्याला लाकडी डब्या लटकत. एका डबीत एका बाराची, मापानेच भरलेली दारू.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली आणि हिशेबच बदलला. ती जवळजवळ सगळी वायू होते. दाब वाढला की जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. शिवाय दाणे कुठे चकत्यांसारखे, कुठे गोल, कुठे बारीक नळ्यांसारखे. एकाच मापात प्रत्येकाचं वजन निराळं. म्हणून काडतुसं पुन्हा भरणारे ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. काळ्या दारूच्या मापाने हीच दारू ठासणीच्या बंदुकीत घातली, तर बंदूक हातातच फुटू शकते.

खरं नवल पुढेच आहे. बेंचरेस्ट या नेमबाजीत शंभर यार्डांवर पाच गोळ्यांची छिद्रं जणू एकच होतात, आणि तिथले अनेक निष्णात नेमबाज बिनधुराची दारू मापयंत्रानेच भरतात! यंत्राचा दांडा दर वेळी एकाच लयीत फिरवला की बार पुरेसे सारखे पडतात. वजनात उरलेला किंचित फरक गोळीचा वेग थोडा बदलतो, पण एवढ्या जवळच्या लक्ष्यावर तो जाणवत नाही. हजार यार्डांवर मात्र मंद गोळी ठळकपणे खाली लागते. तिथे एकेक बार तोलूनच भरतात.

नेमबाजाला मोजायची असते दारूतली ऊर्जा, आणि ती थेट दाखवणारं साधन त्याच्या टेबलावर नसतं. माप आणि तराजू हे तिचे दोन अंदाज. त्यातला कोणता विश्वासाचा, हे दाण्याची घडण आणि लक्ष्याचं अंतर मिळून ठरवतात.